काजलला रांगेतनं काढलं

"ही नको. ही आमच्या मावशींची मुलगी."

एवढंच म्हनल्या मॅडम, आन माज्या काजलला रांगेतनं बाजूला केलं. बाकीची पोरं भितीला पाठ लावून हुबी व्हती, निळ्या टी-शर्टात. काजलच्या अंगात बी त्योच निळा टी-शर्ट. आदल्या दिवशी दुपारीच घालून बसलेली, काढू म्हनलं तर काढीना. समोर खुर्चीत रिसॉर्टचे साहेब. टॉवेल-चादरींच्या घड्या घालायच्या कामाला पोरं निवडाय आलते. आन मी दारात, हातात चहाचा ट्रे.

साहेबांनी माज्याकडं बघितलं, मंग काजलकडं बघितलं, आन कप उचलला.

"साखर कमी आहे ना?" मला म्हनले.

इतका राग मला माज्या जल्मात कदी आला नव्हता, आन तो अजून गेलेला न्हाई. जाऊ बी नये.

पहिल्यापासनं सांगते.

आमी आंदर मावळातली. डोंगरात वाडी, खाली भाताची खाचरं, त्यातली आमची थोडी, बाकी दुसऱ्याच्या बांधावर रोजानं. काजल माजी थोरली. उशिरा बोलली, आन बोलली ती दुसऱ्याचंच बोलनं. जीपवाला "चला कान्हे, कान्हे" वरडला की ही दिसभर तेच म्हननार. कुणी अंगाला हात लावला की किंचाळनार, सोताच्या कानावर बुक्क्या मारनार. वाडीत येडी म्हनायचे. ज्यांच्या शेतावर मी भाताची रोपं लावाय, आवणीला जायची, तितली मालकीणबाई माज्या तोंडावर म्हनली, "हिला गोठ्यात बांधून ये गं, बैलं बुजत्यात." मी गप ऱ्हायले. रोज बुडाला असता.

देवऋषी झाला, अंगारे झाले, कोंबड्या गेल्या. शाळेतनं गुरुजींनी घरी धाडली. मंग तळेगावच्या एका डॉक्टरीणबाईनं नाव सांगितलं. ऑटिझम. म्हनल्या, "हा रोग नाही. तिच्या डोक्यात कुणी शिरलेलंही नाही. ती जगाकडे वेगळ्या तऱ्हेनं बघते. तिला शिकवा, ती शिकेल." आन लोणावळ्याच्या केंद्राचं नाव दिलं.

केंद्र म्हंजे बंगला. पुढं हिरवळ, गेटावर वॉचमन. असल्या मोठ्या पोरान्ला तितं काम शिकवत्यात, घड्या घालनं, चिक्कीची खोकी भरनं, लेबलं लावनं. शिकली की हॉटेलात नाय तर कारखान्यात चिकटवत्यात. डोंगर उतरायचा, टाकव्याला जीप धरायची, कान्ह्याला लोकल. काजल सगळं करायची. लोकलच्या भोंग्याला कान दाबून धरायची, पण यायची. केंद्रातल्या ताईनं तिला घडी शिकवली आन तिला ती लय आवडली. घरी माजी लुगडी, गोधड्या, बापाचं धोतर, सगळ्याच्या घड्या. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिला शाबास म्हनलं.

शनिवारी तितं आईबापांची बैठक, तिला आधार गट म्हनायचे. गोल खुर्च्या मांडायच्या आन ज्यानं त्यानं आपलं दुख सांगायचं, एकमेकाला आधार द्यायचा. केंद्र चालवनाऱ्या मॅडम म्हनायच्या, "इथे सगळे समान. इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही."

पहिल्या शनिवारी मी चपला बाहेर काढून आत गेले. मॅडम हासल्या. "या मावशी. जरा चहाचं बघता का?"

मी बघितलं. आनंदानं बघितलं. भांडी बी घासली. का सांगू? मला वाटलं, ही इर्जिक हाय.

आमच्याकडं आवणीला इर्जिक करत्यात. आज समदी माज्या खाचरात, उद्या तुज्या खाचरात. त्यात कुणी मजूर न्हाई, कुणी मालक न्हाई. नवी सून वाडीत आली तर पहिल्या दिवशी ती पुढं व्हऊन राबती, म्हंजे बाया तिला आपल्यात घेत्यात. मी तसंच धरलं. म्हनलं, मी नवी, म्हनून आज माजी पाळी. पुढच्या खेपेला दुसरी बाई उठंल, तवा मी खुर्चीत बसंन आन माजं सांगंन.

किती शनिवार गेले. दुसरी बाई काय उठली न्हाई.

बैठकीच्या खोलीला लागून मोरी व्हती. मी भांडी घासता घासता सगळं ऐकायची. कुणाच्या नवऱ्यानं पोराकडं पाठ फिरवली, कुणाच्या सोसायटीत पोराला लिफ्टमदी घेत न्हाईत, कुणाच्या सासूनं लग्नात पोरगीला खोलीत कोंडलं. माज्या डोळ्याला पाणी यायचं. खोटं न्हाई सांगत, त्या बायांसाठी मी रडलीय. आन शेवटी समद्यांचा एकच सवाल. आपल्यामागं ह्यांचं कोण? कुणी म्हनायचं फ्लॅट नावावर करू, कुणी म्हनायचं ट्रस्ट करू. माज्याकडं ना फ्लॅट ना ट्रस्ट. मी मेले तर काजलला गोठ्यात बांधतील. मला म्हाईत हाय, बांधतील. तिला चार लोकांत काम लागलं, तरच ती माणसात ऱ्हानार. माजा सवाल सगळ्यात मोठा, आन मला कुणी इचारलाच न्हाई.

एकदा तळेगावच्या एक बाई मोरीत कप ठेवाय आल्या. त्यांचा पोरगा काजलच्याच वर्गात. बोलाय बऱ्या व्हत्या. मी म्हनलं, "ताई, पुढच्या शनिवारी तुमी करताय का चहा? म्हंजे मी बसंन."

त्या माज्याकडं बघतच ऱ्हायल्या. मंग बैठकीत जाऊन त्यांनी सांगितलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं आसंल. पण भितीपलीकडनं हासनं आलं. समदी हासली. मॅडम म्हनल्या, "बिचारी. साधी आहे हो."

साधी. म्हंजे मूर्ख.

तवा मला कळलं. ती इर्जिक नव्हती. त्यांनी पहिल्या दिवशी माजं लुगडं बघितलं, पाय बघितलं, आन मोरी दावली. मी पोरीची आई म्हनून गेले, त्यांनी मला मोलकरीण करून घेतलं, आन मी हासत हासत झाले. त्या दिवशीचे कप बी मीच घासले. पण आतनं काहीतरी तुटलं.

मी गप बसले ते काजलच्या कामासाठी. रिसॉर्टचे साहेब येनार, पोरं निवडनार, असं लय दिवस चाललं व्हतं. म्हनलं, एकदा पोरगी कामाला लागू दे. तवर खाली मान.

आन तो दिवस आला, आन काजलला रांगेतनं काढलं.

"साखर कमी आहे ना?"

मी ट्रे टेबलावर ठेवला. म्हनलं, "काजल, रांगेत."

ती गेली. आपल्या जाग्यावर जाऊन हुबी ऱ्हायली. तिला तेवढं पुरतं. सरळ सांगितलं की ती करती.

मॅडमचं तोंड लाल झालं. हळू आवाजात म्हनल्या, "मावशी, हे काय? आता नको. हिचं नंतर बघू. ही इथेच राहील, तुला मदत होईल."

"मला मदत नको," मी म्हनलं. "तिला काम पायजे. ती घड्या शिकलीय. तुमच्याच ताईनं शिकवलीय. साहेब, तिच्या हातात टॉवेल द्या."

साहेब मॅडमकडं बघाय लागले. मॅडम पुढं झाल्या आन काजलचं मनगट धरून तिला वढलं.

काजल किंचाळली. कानावर बुक्क्या मारत खाली बसली. पायानं खुर्ची उडाली. साहेब उठून मागं सरले. म्हनले, "सॉरी, पण आमच्याकडे गेस्ट असतात. असं चालणार नाही."

"बघितलंस?" मॅडम मला म्हनल्या. "म्हणूनच म्हणत होते."

आता मात्र माजं तोंड सुटलं.

म्हनलं, "तिला धरलं कुणी? तुमी धरलं. हितं प्रत्येक आईला सांगता, न इचारता लेकराच्या अंगाला हात लावू नका. त्या तळेगावच्या पोराला आसं वढलं असतं का? त्याच्या आईसमोर वढलं असतं का? माज्या पोरीला वढता, कारण तिची आई तुमची भांडी घासती."

"आवाज खाली कर. तुझ्या मुलीला आम्ही फुकट शिकवतो, हे विसरू नकोस."

"मंग दारावर पाटी लावा. गरिबानं लेकरू आनलं तर आईनं मोरीत बसायचं, अशी पाटी लावा. सगळे समान म्हनून खोटं कशाला बोलता?"

समदे आईबाप तितंच व्हते. त्यांच्या पोरांच्या निवडीचा दिवस. तळेगावच्या बाई अर्ध्या उठल्या, मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, आन त्या परत बसल्या. मी ते बघितलंय. ते मी इसरनार न्हाई.

मी काजलच्या बाजूला फरशीवर बसले. हात लावला न्हाई. ती शांत व्हईस्तवर नुसती बसले. तवर साहेबांनी दोघांची निवड केली आन गाडीत बसून गेले. मॅडमनी वॉचमनला बोलावलं. आमाला गेटाबाहेर घालवलं. सोमवारपासनं येऊ नका, म्हनल्या.

लोकलमदी काजल माजंच म्हनत व्हती. "काजल, रांगेत. काजल, रांगेत." कान्ह्यापत्तूर तेच. मी खिडकीकडं तोंड करून रडले. लोकं बघत व्हती, बघू दे म्हनलं.

घरी नवरा खवळला. "कशाला तोंड उघडलंस? मोठ्या लोकांशी वाकडं घेऊन आपलं काय व्हनार? भांडी घासून हात झिजले असते का तुजे?" मी म्हनलं, "हात झिजायचं वाईट वाटलं न्हाई मला. पन्नास लोकांची भांडी घासंन. पण माज्या पोरीला मोरीतच जल्म काढायला लावला असता त्यांनी, आन वर उपकार म्हनले असते." तो उठून बाहेर गेला. पटलं का न्हाई, देव जाणे.

तळेगावच्या बाईंचा फोन आला. "तुमचं बरोबरच होतं हो, ताई. पण माझ्या मुलाची तिथली जागा गेली असती. तुम्ही समजून घ्या."

मला ताई म्हनल्या. पहिल्यांदा. फोनवर, जितं कुणी ऐकत न्हाई तितं.

मी म्हनलं, "समजलं मला. तुमाला तुमचं लेकरू हाय, मला माजं. पण परत आधार गट म्हनू नका त्याला." आन फोन ठेवला.

आता मी दारोदार फिरतीय. पवनानगरच्या बाजूला एक घर सापडलं, मासेमारी करत्यात, त्यांचा पोरगा वर्षानुवर्षं घरातच हाय. आमच्याच खोऱ्यात वरच्या वाडीत एक पोरगी हाय, तिला खरंच दाव्याला बांधत्यात. त्या आयान्ला मी सांगितलं, आपण आपली इर्जिक करू. खरी. आज तुज्या दारात, उद्या माज्या. एकीनं पोरं बघायची, एकीनं शिकवायचं, आन कामाला विचाराय जायचं तर समद्यांनी मिळून जायचं. एक म्हनली व्हय. दुसरीच्या सासऱ्यानं मला अंगणातनं हाकललं. परत जाईन त्याच्या अंगणात.

परवा काजलला घेऊन त्या रिसॉर्टवर गेलते. गेटावरचा म्हनला, "कामवाली का? मागच्या गेटानं जा."

म्हनलं, "न्हाई. साहेबाला सांग, काजल आलीय."

साहेब मीटिंगमदी व्हते. आमी गेटाच्या पुढ्यातच बसलो. पावण्यांच्या गाड्या आतबाहेर करत व्हत्या, आतली माणसं काचा खाली करून बघत व्हती. दुपार कलली. साहेब निघून गेले म्हनून सांगाय एक पोरगा आला. म्हनला, "केंद्राची शिफारस लागते."

मला शिफारस नको. दया नको. उद्या परत जानार. तिथनं उठवलं तर रस्त्याच्या पलीकडं बसनार. मला धमकी दिली तर नाव इचारनार, कोन तू, कुणाच्या सांगन्यावरनं बोलतोस. त्या साहेबानं काजलच्या हातात टॉवेल द्यायचा आन समोर बसून बघायचं. अंगाला हात न लावता, आवाज न चढवता, बाकीच्यांचं बघितलं तसं. मंग नापास करायची तर नापास करा. पण परीक्षा घ्यायला लागंल.