टोळीचा रकाना

रुक्मिणीबाई नर्स म्हणजे तोंडाच्या लई फटकळ. मी दवाखान्याचा जीप ड्रायवर, बंकट. जीप निम्मं साल बंदच, म्हणून बाईंच्या मागं लशीचा डबा घेऊन मीबी चकलांब्याच्या आसपासच्या वस्त्या चाललोय. दिवस भरलेली पोरगी सरपण वाहताना दिसली की बाई तिच्या सासूला भर रस्त्यात झापायच्या. बावीस वरसं हेच केलं त्यांनी.

त्यांच्या रजिस्टरात घर नंबर नव्हता, टोळी होती. दिवाळीच्या आसपास आमच्याकडची निम्मी गावं ऊस तोडायला जातात. कोण पोटुशी हाय, कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या कारखान्यावर, हे टोळी निघायच्या आधी बाई लिवून घ्यायच्या. बाळंतपण जवळ आलं की मुकादमाला निरोप धाडायच्या, तिला तिथल्या दवाखान्यात न्या म्हणून.

अठ्ठ्याण्णव साली तालुक्याच्या आरोग्य साहेबाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्यातला प्रोग्राम कुण्या शहाण्यानं शहरात बसून केलता. बाईंना एका शब्दानं कुणी इचारलं न्हाई.

"टोळी कुठं लिवायची?" बाईंनी इचारलं.

"तसा रकानाच न्हाई," ऑपरेटर म्हणाला. "घर नंबर सांगा."

तीन भेटींत पोरगी घरी सापडली न्हाई की तिचं नाव यादीतून कमी. घराला कुलूप लागलं म्हणून पोटातलं लेकरू वाढायचं थांबतंय का रं? वर जुनी रजिस्टरं साहेबानं पोत्यात भरून नेली, कपाटात कोंडली आन किल्ली घेऊन ट्रेनिंगला गेला.

त्या साली बजरंगाची बायको धनश्री सातव्या महिन्यात टोळीसंगं गेलती. पहिल्या बाळंतपणाला तिचं रगत थांबता थांबलं नव्हतं. दुसरं दवाखान्यातच व्हायला पायजे, हे बाईंना पक्कं ठाऊक. पण बजरंगानं मुकादम बदललेला, आन नव्या मुकादमाचं नाव त्या कपाटातल्या रजिस्टरात. घरचे समदेच टोळीत, इचारावं कुणाला? बाईंनी ऑफिसात पाच चकरा मारल्या. पाचव्यांदा कपाट फोडते म्हणाल्या, तर ऑफिसवाल्यांनी हातात मेमो ठिवला.

धनश्री उसाच्या फडाच्या कडंला पाचटाच्या खोपटात बाळंत झाली. लेकरू जगलं. ती मेली.

मार्चच्या मीटिंगला साहेबानं छापील कागद वाचला. बाळंतपणात दगावलेल्या बाया, शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं टाळकं असं सणकलं, की खुर्ची उचलून कॉम्प्युटरच्या त्या डबड्यावर घालावी वाटलं.

बाई उठल्या. "साहेब, धनश्रीचं नाव लिवा त्यात."

साहेबानं ऑपरेटरकडं बघितलं. त्यानं बटणं दाबली, पडदा बघितला, मान हलवली आन म्हणाला,

"बाई, ती यादीतच न्हाई. यादीत न्हाई तिला मेली म्हणून दाखवता येत न्हाई."