कान टोचलेलं हरिण

मीटिंगमध्ये साहेब लोक जे इंग्रजी बोलत, त्याचं विमलताई गायकवाड हळू आवाजात मराठी करायच्या. ऐकायला मी एकटीच, कारण बेसिंगस्टोकच्या त्या ऑफिसात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो. आमचा सेल्स डायरेक्टर केव्हिन म्हणायचा, मार्केट जरा चॅलेंजिंग आहे. ताई फाईलीआडून पुटपुटायच्या, “धंदा बसला.” तो म्हणायचा, अमक्याला आपण लेट गो करतोय. “लेट गो? कबुतर आहे का सोडून द्यायला? हाकललं म्हण ना, बाप्पा!” आणि हे बोलताना चेहरा असा गंभीर, की केव्हिनला वाटावं ही बाई आपलं म्हणणं टिपून घेतेय. मी हसू दाबायला खोकायची. माझ्या खोकल्याची ऑफिसात सगळ्यांना फार काळजी होती.

ताई नागपूरच्या. वडील शाळामास्तर, घर बौद्ध, लग्नानंतर इंग्लंडला आलेल्या. मी पुण्याहून नवीनच आले होते आणि त्यांच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग करत होते. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा उघडत आणि झणझणीत मटणाचा वास मजलाभर पसरे. मी एकदा भोचकपणे विचारलं, “ताई, पंचशीलात प्राण्यांना मारू नये असं आहे ना?” त्या म्हणाल्या, “आहे ना. मला तोंडपाठ आहे. जीभ ऐकत नाही, त्याला मी काय करू? पण चूक करून राहिली आहे हे मला माहीत आहे पोरी. त्या चुकीला मी सण म्हणत नाही.”

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे गोदामांची एक कंपनी. त्यांची सगळी सिस्टीम ताईंनी उभी केलेली. करार पुन्हा झाला, तर ताई डिपार्टमेंटच्या प्रमुख होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. केव्हिनने त्या कंपनीचे डायरेक्टर मिस्टर फेन यांना खूश करायला एका इस्टेटीवर शिकारीचा ‘स्पोर्टिंग डे’ ठेवला. ताईंनी यायलाच हवं होतं, आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा उचलायला मी.

दोन पुरुष उंचीचं तारेचं कुंपण आणि त्याच्या आत ओकची झाडं, टेकाड, पाण्याचं डबकं. सगळं कसं रानासारखं. फाटक उघडून जीप आत गेली आणि मागे फाटक लागलं. पुढे इस्टेटीचा रखवालदार आणि बंदूक घेतलेले फेनसाहेब, मागे केव्हिन आणि आम्ही दोघी. इतर पाहुणे दुसऱ्या गाडीत. केव्हिन समजावत होता की हे क्रौर्य नव्हे, ही म्हाताऱ्या जनावरांची ‘हार्वेस्ट’ आहे.

“कापणी म्हणे,” ताई माझ्या कानाशी लागल्या. “पेरलं होतं कोणी?”

रखवालदार खाली उतरला आणि त्याने खाण्याची बादली खडखडवली. झाडांतून एक भलंमोठं शिंगांचं हरिण बाहेर आलं. पळत नाही, दबकत नाही; दुपारच्या चहाला यावं तसं आलं. थेट बादलीपर्यंत. त्याच्या कानाला भोक होतं, पाळीव जनावराचा बिल्ला काढून घेतल्याचं.

“कान टोचलेत याचे,” ताई पुटपुटल्या. “बारसंही झालं असेल. आता एवढंच राहिलं होतं.”

मला खोकला आला. फेनसाहेबांनी रखवालदाराला विचारलं, “ते पळेल का?”

“फार लांब नाही, सर,” तो म्हणाला.

रखवालदार बाजूला झाला. फेनसाहेबांनी जीपच्या दारावर बंदूक टेकली, बराच वेळ नेम धरला आणि इतक्या जवळून चुकवला. म्हणजे गोळी लागली, पण भलतीकडे, मागच्या पायाच्या वर. हरिण खाली बसलं, उठलं आणि तीन पायांवर कुंपणाकडे धावलं. तारेला धडकलं. मग तारेच्या कडेकडेने पळत राहिलं, वाट शोधत. कोपऱ्यात अडकलं, वळलं, पुन्हा तारेला धडकलं. तोंडातून एक घोगरा आवाज येत होता. रखवालदाराने साहेबांच्या हातातून बंदूक काढून घेतली, चालत गेला आणि ते संपवलं. परत आल्यावर त्याने कोणाकडे पाहिलं नाही.

केव्हिन मात्र टाळ्या वाजवत उतरला. पहिल्या शिकारीचा रिवाज म्हणून त्याने बोट रक्तात बुडवून फेनसाहेबांच्या कपाळाला आणि गालांना लावलं. फोटो निघाले. साहेब तसेच जेवायला बसले.

जेवण संपत आलं तेव्हा केव्हिनने ताईंना चार शब्द बोलायला सांगितलं. ताई ग्लास घेऊन उभ्या राहिल्या. छान, संथ इंग्रजीत म्हणाल्या, “आजच्या यशाचं श्रेय एकट्या मिस्टर फेनना देणं अन्यायाचं होईल. तेव्हा बादलीच्या आरोग्यासाठी!”

मग फेनसाहेबांच्याच कंपनीतला एक माणूस फिस्सकन हसला आणि टेबलभर हसू फुटलं. साहेबांचा चेहरा रक्ताच्या रंगाचा झाला. ते म्हणाले, “मिसेस गायकवाड, तुमच्या ताटात आत्ता लॅम्ब होतं ना?”

“हो,” ताई म्हणाल्या. “पण ज्या खाटकाने ते कापलं, त्याने तोंडाला रक्त फासून फोटो काढून घेतला नसेल.”

परतीच्या वाटेवर मी आनंदाने नुसती उसळत होते. “ताई, काय जिरवलीत त्याची!” ताई गाडी चालवत होत्या. मग रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

“जिरली त्याची. मेलं कोण?”

त्या माझ्याकडे वळल्या.

“त्या कुंपणात शिरताना मला सगळं दिसून राहिलं होतं. गोळी सुटायच्या आधी बोलायला भरपूर वेळ होता. बोलली पण मी. काय बोलली? कापणी, बारसं, कान टोचणं. तुझ्या कानात, मराठीत! तिथे कोणाला कळणार होतं, त्या हरणाला?” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “आणि इंग्लिशमध्ये विनोद सुचला कधी, तर जेवण झाल्यावर.”

करार झाला. फेनसाहेबांची अट एकच होती, ती बाई समोर नको. प्रमुखाची जागा केव्हिनने बाहेरून आणलेल्या एका तरुणाला दिली. ताई त्याला काम शिकवू लागल्या आणि त्यांचं पुटपुटणं बंद झालं. मीटिंगमध्ये मी सवयीने त्यांच्याकडे झुकायची, त्या समोर बघत राहायच्या.

पुढच्या वर्षी केव्हिनने पुन्हा ‘स्पोर्टिंग डे’ जाहीर केला, तेव्हा ताई सगळ्यांदेखत उभ्या राहिल्या. “तुम्ही याला स्पोर्ट म्हणता. एक माणसाळलेलं जनावर तुम्ही कोंडणार, त्याला खायला बोलावणार आणि मारणार. मी येणार नाही, आणि कोणी जाऊ नये असं माझं मत आहे.” एकही विनोद नव्हता, म्हणून कोणी हसलं नाही. दोघांनी यायचं नाकारलं. तरी तो दिवस झालाच, आणि हरिणही मेलंच. नंतर मी ताईंना विचारलं, मग उपयोग काय झाला?

“हरणाला? काही नाही,” त्या म्हणाल्या. “मी तुला खोटं कशाला सांगू?”

नव्वदच्या मंदीत कंपनीने ‘स्लिमिंग’ सुरू केलं. ताईंनी भर मीटिंगमध्ये त्याला हकालपट्टी म्हटलं आणि महिन्याभरात त्यांचंच नाव यादीत आलं. रीडिंगच्या एका कॉलेजात त्यांना शिकवण्याचं काम मिळालं. पुढे काही वर्षं त्या शिकवत होत्या, आजार त्यांना घेऊन गेला तोवर.

ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी मी त्यांची कुंडी आणि पुस्तकं गाडीपर्यंत नेली. माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, “ताई, तुमच्याशी हे लोक फार नीच वागले. हा केव्हिन तर एक नंबरचा नालायक माणूस आहे.”

ताईंनी कुंडी मागच्या सीटवर नीट टेकवली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“इंग्लिशमध्ये सांग,” त्या म्हणाल्या. “तो बघ, दारातच उभा आहे.”