रसवंतीवरचं रडणं आणि सुनेची नोकरी

माझ्या बायकोनं शेवटच्या वर्षात एक खुर्ची घेतली आणि तिच्यावर स्वतः एकदाबी बसली नाही. चाकाची, गोल फिरणारी, पाठीला जाळी असलेली. मी म्हणालो, "घरात बसायला जागा कमी हाय का?" ती म्हणाली, "तुम्हाला नाय, सुनेला हाय. मी जन्मभर पाटावर बसून राबले, त्या पाटाला कुणी पगार दिला नाय."

सून लग्नाआधी पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. माझा मुलगा इथं वाळूजला कारखान्यात शिफ्टमध्ये, म्हणून लग्न झाल्यावर ती नोकरी सोडून आमच्याकडं उस्मानपुऱ्यात आली. मग नात झाली. नात चालायला बोलायला लागली तसं सुनेनं पुन्हा काम शोधायला घेतलं, घरी बसून करता येईल असं.

मीबी वाळूजलाच पत्रा दाबायच्या प्रेसवर जन्म काढला. मला नोकरी लागली ती गेटवर उभं राहून. सुपरवायझर बाहेर आला, माझे दंड बघितले आणि म्हणाला, उद्यापासून ये. झाला इंटरव्ह्यू. सुनेचं तसं नाही. आधी कॉम्प्युटरवर अर्ज, मग परीक्षा, मग कुणीतरी फोनवर बोलणार, मग कुणीतरी कॅमेऱ्यात तोंड दाखवणार, आणि एवढं सगळं झाल्यावर गप्प. नाही म्हणायलाबी कुणी फोन करत नाही. आमच्या वेळचा वॉचमन निदान हाकलून तरी देत होता.

सगळं अडायचं एकाच प्रश्नावर. मधली वर्षं काय करत होतात? मी म्हणालो, "सांग की, पोर वाढवलं." ती म्हणाली, "सांगते ना मामा. ते हसून मान हलवतात अन् पुढच्याला बोलावतात."

तिचं काम नेमकं काय असतं ते मला लई दिवस कळलं नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. एकदा जेवताना विचारलंच.

"दुसरी माणसं मोबाईलमधलं ॲप बनवतात, मामा. मी ते वापरून बघायचं. कुठं अडतंय, कुठं चुकतंय ते शोधायचं अन् त्यांना सांगायचं."

बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोड काढायची?"

"तसंच म्हणा, आत्याबाई."

"अन् ह्याला पगार देतात? मग मी इतकी वर्षं फुकटच केलं की गं!"

सुनेला हसून हसून ठसका लागला. त्या दिवसापासून बायको तिचा सराव घ्यायला लागली. सून खुर्चीवर, ही समोर पाटावर, मांडीवर नात. हिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तरी सून बोलून थांबली की म्हणायची, "आता घाबरलीस तू. पुन्हा सांग." आणि सून म्हणायची की जिथं ही टोकायची तिथंच तिची गाडी खरोखर अडखळलेली असायची.

थंडीत बायको गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली ती बोलत नव्हती. ह्याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तेरावा झाल्यावर सुनेनं खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि वरून चादर टाकली. म्हणाली, "आता घर कोण बघणार, पोरीला कोण बघणार? राहू द्या नोकरीचं." दोनचार आठवडे गेले. मग एक दिवस मी चादर ओढून काढली. मला गोड बोलता येत नाही. मी म्हणालो, "तू घरी बसलीस म्हणून ती परत येणार हाय का? नाय ना? मग बस हितं. पोरीला मी बघतो. अन् ह्या खुर्चीपायी माझ्याशी भांडली ती बाई, तिचं भांडण वाया घालवू नको."

ती रडली, आणि रडत रडतच खुर्चीवर बसली.

असं करत एका कंपनीची परीक्षा ती पास झाली, आणि इंटरव्ह्यू ठरला तो नेमका आखाजीच्या आदल्या दिवशी. आखाजीला आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. बायकोची ती पहिलीच आखाजी. त्यासाठी माझी थोरली बहीण, आमची अक्का, पिशोरहून येणार होती, संगं दोन चुलत भावजया. आणि आमची रीत अशी, की वर्षाच्या आत दुःखाच्या घरी सणाला आलेली बाई मुक्यानं येत नाही. गल्लीच्या तोंडापासून गळा काढत येते. अक्काचा गळा तर असा, की तिनं पिशोरच्या बाजारात हाक मारली तर पार दुसऱ्या टोकाचा भाजीवाला वळून बघतो.

इंटरव्ह्यू सकाळचा होता म्हणून मी अक्काला दुपार कलल्यावर यायला सांगितलं होतं. सकाळी कंपनीचा निरोप आला, आता नको, चारला घेऊ. मी अक्काला फोनवर फोन लावले. अक्काचा फोन पिशवीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली. तो तिथंच वाजत असणार.

मुलगा दुसऱ्या शिफ्टला गेलेला. नातीला दूध पाजून निजवलं. सून खुर्चीवर बसली, कॅमेरा लावला, मी बाहेरून दार ओढून घेतलं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर रसवंतीपाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं काळीपिवळी जीप येऊन थांबली. अक्का उतरली, पदर तोंडाशी नेला, छातीभर श्वास घेतला. मी धावलो.

"अक्का, रडू नको!"

तिचा श्वास आतल्या आत राहिला. "काय म्हणलास?"

"तासभर थांब. सुनेचा इंटरव्ह्यू चालू हाय घरात. समोरच्याला सगळं ऐकू जातं. चल, रस पी."

"बायको मेली तुझी, अन् मला म्हणतो रस पी?"

"मेलेली काय पुन्हा मरणार नाय अक्का. नोकरी मात्र जाईल हातची."

चुलत भावजय पदर आवळून म्हणाली, "भाऊजी, आमचं लई दाटून आलंय हो."

"दाटू द्या. वरून बर्फ घालून घ्या."

तिघींना बाकावर बसवलं. तिघी गाल फुगवून, डोळे मोठे करून, एकमेकींकडं न बघता बसल्या. अक्का मला हळू आवाजात शिव्या देत होती, तेवढ्यानं तिचं बरं चाललं होतं. रसवंतीवाल्यानं घाणा सुरू केला. त्याला आमच्या घराची सवय. माझी बायको आलं जास्त घालून घ्यायची, बर्फ नको म्हणायची. तो बिचारा मला म्हणाला, "काका, काकूंसारखं आलं जास्त टाकू का?"

झालं. अक्कानं ग्लास खाली ठेवला आणि गळा काढला.

"वहिनी गं माझे! आता आलं मागून कोण घेईल गं! मला पोटाशी धरून वाटेला लावणारी गं!"

लगेच दोघी भावजयांनी सूर धरला. घाण्याचे घुंगरू, तीन बायांचा गळा, भर रस्ता. मी अक्काच्या तोंडावर टॉवेलानं वारा घालायला लागलो. एक रिक्षावाला थांबला.

"चाचा, क्या हुआ? कौन गुजर गया?"

"मेरी बीवी."

"या अल्ला! कब?"

"थंडी में."

त्यानं वर बघितलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. "थंडी में? तो आज कायकू रो रे?"

"घर में बहू का इंटरव्ह्यू है."

 त्यानं रिक्षा बाजूला लावून एक ग्लास मागवला आणि आमच्यात बसला.

तोपर्यंत गल्लीत वेगळंच पसरलं होतं. कुणीतरी लांबून बघितलं असणार: रडणाऱ्या बाया, मधी मी, मुंडी खाली. त्यांनी ठरवूनच टाकलं. आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण धावत जिना चढली आणि दारावर थापा मारायला लागली.

पुढचं सुनेनं मागाहून सांगितलं. समोर एक मॅडम होत्या, त्यांनी नुकताच तोच प्रश्न विचारला होता, मधली वर्षं काय केलंत? तेवढ्यात दारावर थापा. "अगं दार उघड! तुझे मामा गेले गं! रसवंतीवर पडलेत!"

 सून ओरडली नाही. मॅडमना म्हणाली, एक मिनिट. उठून गॅलरीत गेली, वाकून कोपऱ्यावर बघितलं. मी एका हातात ग्लास, दुसऱ्या हातानं अक्काला वारा. ती परत येऊन खुर्चीवर बसली.

"सॉरी मॅडम. शेजारीण सांगत होत्या की माझे सासरे वारले. मी बघून आले. ते रस पितायत."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरले ना. म्हणून तर आधी बघून आले. कुणी ॲप बंद पडलं म्हणालं म्हणून मी धरून चालत नाही. पोरगी रडली तरी पोट दुखतंय, भूक लागलीय का सोंग करतेय, ते बघूनच ठरवावं लागतं. मधली वर्षं मी तेच करत होते."

मॅडम हसल्या म्हणे. पण हसवलं म्हणून कुणी नोकरी देत नाही. पुढं त्यांनी तिला चांगलं पिळून काढलं. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर येत नाही म्हणून सांगितलं. संपल्यावर तिनं गॅलरीतून हात हलवला आणि आम्ही वरात निघाल्यासारखे घरी निघालो. दार उघडलं नाही म्हणून शेजारीण जिन्यातच डोळे पुसत उभी. मला बघून किंचाळली, "काका, तुम्ही?"

"मीच. निराशा झाली का?"

दारात येऊन अक्कानं पुन्हा पदर तोंडाशी नेला. आवाजच निघेना. म्हणाली, "सगळं तिकडंच सांडलं रे." मग आत येऊन खुर्चीकडं बघत राहिली. "हीच का वहिनीची?" मी हो म्हणालो. तिनं हळूच बूड टेकलं, खुर्ची सरकली, गोल फिरली, आणि अक्का "अगं माय माय माय" करत भिंतीवर जाऊन थांबली. नात उठून टाळ्या वाजवायला लागली. भावजया हसता हसता खाली बसल्या. बायको गेल्यापासून त्या घरात एवढं हसू झालं नव्हतं. मीबी हसलो. दुसऱ्या दिवशी घागर भरली, पुरणपोळी आणि आंब्याचा रस केला, आणि कुणी वेगळं रडलं नाही.

त्यानंतर अजून एक इंटरव्ह्यू झाला, मग बरेच दिवस गप्प. सून फोन वाजला की दचकायची, आणि तो निघायचा कर्ज हवंय का विचारणाऱ्याचा. मी तर त्यातल्या एकाला चांगलंच झापलं. मग एक दिवस दुपारी ती फोनवर इंग्रजीत "येस, येस" म्हणत उभी राहिली, आणि फोन ठेवून मला म्हणाली, "मामा, लागली."

मी उठलो आणि बातमी सांगायला स्वयंपाकघराकडं चालू लागलो. अर्ध्या वाटेत आठवलं. तसाच पुढं गेलो, पाण्याचा ग्लास भरून आणून सुनेला दिला.  मी कुठं अडलो ते तिला कळलं असावं, तिचं कामच ते.

अक्काला फोन लावला. ती म्हणाली, "माझ्या रडण्यानं लागली. साडी घ्यायला सांग." घेतली, सुनेच्या पहिल्या पगारातून.

आता रोज सकाळी सुनेची मीटिंग असते. ती खुर्चीवर बसली की मी नातीला घेऊन खाली उतरतो आणि कोपऱ्यावर जाऊन बसतो. रसवंतीवाला न विचारता आलं जास्त घालतो. तो रिक्षावाला रोज तिथून जातो, वेग कमी करतो आणि ओरडतो, "चाचा, जिंदा हो?"

मीबी ओरडून सांगतो, "ऊपर जा के देख के आ!"