ताकदीच्या गोळ्या आणि आमसुलाचं पाणी

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमच्या सासूबाईंना एकच उपाय माहीत होता. आमसुलं पाण्यात भिजवून कोळायची, ते लाल पाणी अंगाला चोळायचं आणि चोळता चोळता, काल काय काय खाल्लं याची उलटतपासणी घ्यायची. त्या रत्नागिरीकडच्या. आकुर्डीला येताना त्यांच्या ट्रंकेत लुगडी कमी आणि आमसुलं जास्त होती.

त्या आल्या होत्या माझ्यासाठीच. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे कंपनीत शिफ्टला जायचे, आम्ही चाळीतल्या दोन खोल्यांत राहायचो. घरात भांडण नाही, तंटा नाही, नवरा निर्व्यसनी. तरी सकाळी मेथीची जुडी मांडीवर घेतली की कंपनीचा भोंगा होईपर्यंत ती तशीच पडून. का, ते मलाच सांगता येत नव्हतं. शेवटी ह्यांनी मला बसने पुण्याला, मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे ह्यांनी परतीच्या बसमध्येच ठरवून टाकलं. घरी पोचेपर्यंत त्या ताकदीच्या गोळ्या झाल्या होत्या. मीही गप्प राहिले. चाळीत वेडी म्हणून नाव होण्यापेक्षा अशक्त म्हणून झालेलं काय वाईट?

सुनेला ताकद आणायचं सासूबाईंनी असं काही मनावर घेतलं की विचारू नका. गोळ्यांची पुडी त्यांच्या ताब्यात. वेळ झाली की एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

आणि गोळ्यांनी गुण आला हो! एका सकाळी मी मेथी निवडली, चिरली, फोडणीलाही टाकली, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण हे केलं. भाजी ढवळताना मी चक्क गुणगुणत होते. इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली.

त्याच आठवड्यात दंडावर पहिल्या गांधी उठल्या.

"पित्त उठलाय गो," सासूबाई म्हणाल्या. "वांगा खाल्लंस ना?"

वांगं बंद झालं. मग सुकी मासळी, शेंगदाणे, दही. एकेक पदार्थ ताटातून उठत गेला. पोटात जायचं ते फक्त भात, आमसुलाची कढी आणि त्यांच्या हातची गोळी. तरी गांधी पाठीवर गेल्या, मानेवर आल्या. अंगाला सारखा आमसुलाचा आंबट वास, नखांनी खाजवून पोटऱ्या सोललेल्या.

मला संशय आला होता. गोळी घेतली की थोड्या वेळाने खाज भडकायची, हे काय कळत नव्हतं? पण ह्यांना सांगितलं तर गोळी बंद होईल, आणि गोळी बंद झाली की ती मांडीवरची जुडी परत. खाज परवडली, ते नको, असं मी स्वतःला बजावत राहिले. रोज आरशात मान बघायची आणि पदर ओढून घ्यायची.

एके दिवशी हे पहिल्या शिफ्टला गेले आणि माझा ओठ सुजायला लागला. मग डोळे. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. आवंढा गिळायला गेले तर जाईना. सासूबाईंनी आमसुलाचा वाडगा तसाच टाकला, शेजारणीला रिक्षा आणायला पिटाळलं आणि मला चिंचवडच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाल्या. रस्ताभर मी फक्त श्वासाकडे लक्ष देत होते. हा आला, आता पुढचा येईल ना?

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत दुपारची गोळी. एवढ्या धावपळीत त्या ती विसरल्या नव्हत्या!

"घे बाय. ताकद नाय म्हणून तर ह्या सगळा होतंय."

गोळी माझ्या ओठापाशी आली. मी तोंड घट्ट मिटलं. ही गोळी घेतली तर मरेन, नाही घेतली तर पुन्हा तशी होईन, आणि खरं सांगितलं तर ह्या बाई मला काय समजतील? मी त्यांचा हात धरून खाली केला.

"ही ताकदीची नाही, आई," मी सुजलेल्या जिभेने म्हटलं. "मनाची आहे. माझं मन बरं नाही."

त्यांनी गोळी मुठीत मिटली. आमचा नंबर आला तेव्हा मला धरून आत गेल्या, गोळी टेबलावर ठेवली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हिच्या मनाला बरा नाय, म्हणून ही देत होतो. मीच भरवली."

इंजेक्शनने सूज उतरली. ही गोळी पुन्हा घ्यायची नाही, पण दुसऱ्याही असतात, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी सासूबाईंनी लेकाला दारातच असं झापलं की शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

पुण्याहून दुसरी गोळी येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मेथीची जुडी परत मांडीवर आली. गोळी आली तेव्हा ती पांढरी होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. सासूबाईंनी आधीच आमसुलं भिजवून वाडगा शेजारी ठेवला होता. मी गोळी गिळली. त्या समोर पाटावर बसून माझे दंड निरखत राहिल्या.

"खाज सुटली तर सांग हां," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि रडू आला तरी सांग. ता लपवू नको."

"आत्ताच येतंय, आई," मी म्हटलं.

त्यांनी आमसुलाचा वाडगा बाजूला सरकवला आणि त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.