कांद्याची पात आन् काकवी

वारज्यात पंपाच्या, पंख्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारी दुकानं रग्गड, पण त्याच दुकानात गिटारचा पिकअप हातानं भरणारा कादर एकटाच. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली हा पिकअप बसतो. चुंबक, आन् त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वेढे जास्ती घातले की आवाज जाड, कमी घातले की टोकदार. बाकीचा सगळा कानाचा खेळ.

कादर मूळचा इंदापूरकडचा. आवाजाला त्याच्याकडं चवीचेच शब्द. एका गुंडाळीचा पिकअप म्हंजे कांद्याची पात, दोन गुंडाळ्यांचा म्हंजे काकवी. ऑर्केस्ट्रातली पोरं येताना इंग्रजी झाडत यायची आन् जाताना "काका, जरा काकवीकडं न्या" म्हणून जायची.

अलीकडं ती पोरं येईनाशी झाली. एकदोघं म्हणाले, "काका, कानात सुई जाते." कादर म्हणायचा, "तुझ्या अँपचा स्पीकरच फुटलाय."

मग वाघोलीचा विश्वजीत आला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा गडी, जुनं गिऱ्हाईक. त्यानं दुसरी गिटार घेतलेली. कादरनंच पूर्वी भरलेला पिकअप नमुन्याला काढून आणला आन् तसाच अजून एक मागितला. कादरनं तो करून ठेवला. विश्वजीतनं वाजवला आन् तोंड वाकडं केलं.

"काका, आवाज तो नाही."

"तोच हाय. तसाच मोकळा."

"मोकळा कसला? किंचाळतोय."

असा वाद मिटवायची कादरची रीत ठरलेली होती. एका फळीवर सहा तारा ताणलेल्या, खाली खाच. खाचेत कुठलाबी पिकअप सरकवला की जागा तीच, तारा त्याच, फरक फक्त गुंडाळीचा. गिऱ्हाइकानं तारा छेडायच्या, कादरच्या बायकोनं, सुरय्यानं त्यानं भरलेले आन् दुसऱ्यांचे पिकअप आलटून पालटून घालायचे, आन् कादरनं भिंतीकडं तोंड करून ओळखायचे. आजवर एकदाबी चुकला नव्हता.

"आज चुकलो तर हा धंदा सोडला," कादर म्हणाला.

"कशाला असल्या पैजा लावताय?" सुरय्या म्हणाली.

"तू घाल गं."

तिनं पहिला सरकवला. विश्वजीतनं तारा छेडल्या.

"हा कुणाचा? गोधडी पांघरून वाजल्यागत वाजतोय," कादर हसला. "दुसरा घाल."

दुसरा घातला. विश्वजीतनं एक डोळा मिटून घेतला. सुरय्यानं पदर कानावर ओढला.

"ह्यो! ह्यो माझा जुना. कांद्याची पात!"

कादर वळला. खाचेत नवा पिकअप होता. जुना, गोधडीवाला, सुरय्याच्या हातात.

"तूच घोळ घातलास," तो म्हणाला.

"परत ऐका की."

परत भिंतीकडं तोंड. परत तेच झालं. तिसऱ्यांदा त्यानं पाठच फिरवली नाही. समोर बघून ऐकलं, आन् तरीबी त्याला जुनाच मेलेला वाटला.

पंपाच्या मोटारी कानापाशी चालवून तपासायची त्याला सवय. त्यात कानातला वरचा सूर कधीच मेला होता. आवाज मंद वाटला की हा गडी वेढे कमी करायचा. स्वतःला गोड लागेपर्यंत कमी करत गेला, आन् दुसऱ्याच्या कानात मिरची पडत गेली.

"तुला कळत होतं?"

"वर्ष होऊन गेलं."

"बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्हीच म्हणलात, बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं."

विश्वजीत फळीकडं बघत म्हणाला, "काका, तुम्ही गुंडाळा, काकू ऐकतील. चालेल की मला."

"मग माझं काय काम? गुंडाळायला मशीन मिळतंय."

"अहो, एवढं काय..." सुरय्या म्हणाली.

"बोललो ते बोललो."

विश्वजीतनं जुना पिकअप रुमालात बांधला. निघताना "येतो काका" म्हणाला. कादरनं ब्लेड घेतलं आन् नव्या पिकअपवरची तार उभी चिरली. तांब्याचा पुंजका फरशीवर पडला. सुरय्यानं तो केरसुणीनं गोळा करून भंगाराच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पाठीवर गिटार लावलेली एक पोरगी दुकानात आली. "पिकअप तुम्हीच भरता ना?"

कादरनं मान वर केली नाही.

"भरायला पंखा असला तर आण," म्हणाला.