रबरी सुटाची कंबर

नांदगाव खंडेश्वरकडच्या ज्या काकांनी त्या हिवाळ्यात माझी दोरी धरली, त्यांचे उपकार आधी सांगतो. माझी हकिकत मागून आली तरी चालेल. पाणबुड्या खाली असला की काठावरून त्याची दोरी सांभाळायची, एवढंच त्यांचं काम. त्यांनी त्याहून जास्त केलं.

मी देवगडकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि फिरत फिरत परतवाड्याच्या पुढे एका धरणाची दारं पाण्याखालून तपासायच्या कामावर येऊन पडलो. माझं बोलणं ऐकून बाकीचे हसत आणि पुन्हा आपापसांत बोलू लागत. मी आपला डबा घेऊन पाण्याकडे तोंड करून बसायचो. त्या पाण्याला खारा वाससुद्धा नव्हता.

ठेकेदाराचा सूट जुना, दोन तुकड्यांचा: रबरी सदरा, रबरी विजार. दोन्हींचे घेर कमरेभोवती घालायच्या कड्यावर एकमेकांवर चढवायचे, एकत्र गुंडाळायचे आणि वरून रुंद रबरी पट्टा बसवायचा. गुंडाळीत काही अडकलं की पाणी आत. माझ्या कमरेतून रोज शिरायचं. दात वाजवत वर यायचो. शेवटी ठेकेदार म्हणाला, "उद्याही भिजून आलास तर गावची गाडी धर." गावी कुठल्या तोंडानं जाणार होतो?

दुसऱ्या दिवशी पट्टा बसवण्याआधी काकांनी गुंडाळी बोटानं चाचपली.

"हे काय लटकून राहिलं बे?"

माझा करदोडा. कडं त्याच्या गाठीवर रुतायचं, म्हणून मी तो आतल्या लोकरी कपड्यावर ओढून घ्यायचो, आणि तोच रबरात अडकत होता.

"तोडतो," मी म्हणालो, पण हात उचलेना. निघताना आईनं बांधलेला. आमच्यात करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर. कमरेला तो नसताना पाण्यात उतरायचं कसं?

"तोडाले कोनं सांगतलं? गाठ सोडू. रडून काहून राहिला, लेका?"

"रडत नाही. थंडी आहे."

"हो न, तुमच्याकडे डोळ्यालेच थंडी वाजते!"

त्यांनी गुंडाळी उलगडली, गाठ सोडली, करदोडा स्वतःच्या मनगटाला बांधला आणि पुन्हा सगळं घट्ट वळलं. "जाय आता. तू वरते येवस्तोर हा मायाजवळ."

खाली काळोखात गंजकं लोखंड चाचपताना माझं सगळं लक्ष कमरेकडे. कोरडी होती. मधेच दोरीला एक हिसका आला: बरा आहेस ना? मीही एक दिला.

वर आल्यावर काकांनी करदोडा पुन्हा माझ्या कमरेला बांधला. नोकरी राहिली. ते काम संपलं, काका हरभऱ्याच्या सोंगणीला घरी गेले, मी अकोल्याकडच्या धरणावर आलो. इथं दोरी धरणारा चांगला आहे, पण बोलत नाही.

काकांना एकदा देवगडला नेईन. पाटावर बसवीन, आईला म्हणेन, ह्यांना आधी वाढ. कधी ते सांगता येत नाही, पण नेईन.