यांचा कान

हे मी लेकीला सांगितलं नाही, बहिणीला नाही. देवापुढंसुद्धा नाही — तिथं मी नुसते हात जोडून येते. तुम्हाला सांगते. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून जमेल कदाचित. घरात आता मी एकटीच असते. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. माणसाचा आवाज हवा म्हणून.

आमचे हे लातुरात पाण्याच्या मोटारी अन् मशिनीचे पट्टे विकायचे. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकेफोड आणि घरी आलं की रेकॉर्डी. वडिलांच्या वेळच्या, जुन्या बाजारातून वेचलेल्या, कपाटभर. मी शाळेत शिकवायची. वर्गभर पोरांचा कालवा कानात घेऊन यायची — आणि संध्याकाळी हे रेकॉर्ड लावून म्हणणार, "मास्तरीणबाई, बस की जरा. ही जागा ऐक, लई गोड हाय." बसायची मी. वर्षानुवर्षं बसले. पण मनात काय चालायचं? भाजी टाकायची राहिली, वह्या तपासायच्या राहिल्या आणि हा माणूस मला पाच मिनिटं शांत बसू देत नाही. चिडायची मी. तोंडानं नाही, आतल्या आत.

दुकान पुतण्याकडं सोपवलं तेव्हा यांनी ठरवलं, जुना रेकॉर्ड प्लेअर बदलून नवा घ्यायचा, एकदाच, पण भारीतला. नांदेडचा एक विक्रेता दोन यंत्रं गाडीत घालून घरीच आला — ऐका, मग ठरवा म्हणाला. एकाची जड थाळी पट्ट्यावर फिरायची, दुसऱ्याची थेट मोटारीवर. तीच रेकॉर्ड दोन्हींवर लावली. बागेश्री होता. पट्टेवाल्यावर सुई टेकली तसा यांचा चेहराच बदलला. मी पाहिलं. हे मुद्दाम सांगते — मी पाहिलं होतं. मोटारीची थरथर पट्टा गिळून टाकतो, हे जन्मभर तेच विकलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं का?

तरी यांनी मला विचारलं. लहानपणी मी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या, तेवढ्यावर यांचा माझ्या कानावर भलता विश्वास. तू म्हणशील तो, म्हणाले.

मला काही फरक कळला नव्हता. खरं तर मी ऐकतच नव्हते. विक्रेता बोलता बोलता म्हणाला होता, मोटारवाल्याला हेडफोन लावायची सोय आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. तेव्हापासून माझं लक्ष त्या एवढ्याशा भोकावर. म्हणजे हे ऐकत बसतील — आणि घर शांत. मी जरा थांबले, विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, हा जास्त सुरेल आहे, पट्टेवाल्याचा षड्ज किंचित हलतो.

कुठून सुचलं मला ते, कोण जाणे.

यांनी पुन्हा दोन्ही ऐकले. "मला तर उलटंच वाटायलंय," म्हणाले. मग हसले — "माझा कान गेला म्हणायचा."

मोटारवाला घेतला. हेडफोन मीच आणवले, तुम्हाला बारीक बारीक ऐकू येईल म्हणून. केवढी काळजी बायकोला, नाही का? सुरुवातीला हे मध्येच ते काढून माझ्यापुढं धरायचे. नंतर, मी म्हणायची. मग धरायचे बंद झाले. कोपऱ्यात हे मान डोलवत बसायचे आणि मला कसलाच आवाज यायचा नाही. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू — लई बरं वाटायचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे सांगितलंही नसतं. नवराबायकोत याहून मोठ्या थापा खपतात. पण यांनी ते खरं धरलं. रविवारी यांचे चाकूरचे एक मित्र यायचे, दोघं गवयांवरून तावातावानं भांडायचे. हे भांडेनासे झाले. मित्रानं काही विचारलं की म्हणायचे, मला नका विचारू, हिला विचारा, माझा कान कामातून गेला. डॉक्टरला दाखवलं, कान चांगला निघाला. तरी पटलं नाही. मित्राचं येणं कमी झालं, मग थांबलं. रेकॉर्डीही क्वचित लागायला लागल्या, आणि शेवटी यांनी यंत्रावर कापड घातलं ते घातलंच. या माणसाला एवढं एकच सुख होतं आणि त्यातच स्वतःचा भरवसा उरला नाही. आणि मी? मी शेजारच्या खोलीत वाती वळत होते. एका वाक्याचं काम होतं. रोज करता आलं असतं.

गेल्या वर्षी हे दवाखान्यात होते. बोलणं कमी झालेलं. एका दुपारी माझ्याकडं बघत म्हणाले, "खरं सांग, त्या दिवशी षड्ज हलला होता का गं?" रागानं नाही. माहीत करून घ्यायचं होतं, बस. खोलीत आम्ही दोघंच. नाही म्हटलं असतं तर यांचा कान यांना परत मिळाला असता — निदान जाताना.

हो, म्हणाले मी. हलला होता.

"मग बरोबर हाय," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.